धनीबाईचं मचाण आणि वामनरावांचं विमान

दिग्रसचे वामनराव गावंडे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकू लागले आणि ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाच सांगितली नाही. बायकोला, म्हणजे इंदूबाईंना, त्यांनी सांगितलं होतं की दातांचा इलाज चालू आहे आणि त्यासाठी दर गुरुवारी नागपूरला जावं लागतं. हा इलाज आठ महिने चालला होता. वामनरावांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि ओट्यावर बसून ते अडकित्त्याशिवाय सुपारी फोडत, तरी इंदूबाईंना कधी शंका आली नाही. नागपूरचा डॉक्टर फार हुशार असला पाहिजे, एवढंच त्या शेजारणींना सांगत.

खोटं बोलायची वामनरावांना हौस नव्हती. झालं असं की साठ सालच्या उन्हाळ्यात ते नागपूरला शेतीचं प्रदर्शन पाहायला गेले. तिथे एका विमानाने मोकळ्या वावरावरून अगदी खालून उडत पाण्याची फवारणी करून दाखवली. वामनरावांच्या कपाशीवर सहा माणसं पाठीला पंप बांधून दहा दिवस फवारत आणि दहाव्या दिवशी पहिल्या कोपऱ्यात पुन्हा अळी दिसे. इथे एकच माणूस, डोळ्यांवर काचा लावून, तोंडातलं पान रंगायच्या आत सगळं वावर भिजवून मोकळा झाला. वामनराव जागच्या जागी उभे राहिले. लोक पांगले, मांडव सोडणारी माणसं आली, त्यांनी वामनरावांच्या पायाखालची सतरंजीही ओढून घेतली, तरी ते आभाळाकडेच पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमान शिकवणाऱ्या कॅप्टन दस्तूर यांचा पत्ता काढला. घरी सांगायचं, पण एकदा एकट्याने उडून दाखवलं की मगच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याला आठ महिने लागतील हे त्यांना काय ठाऊक.

कॅप्टन दस्तूर हे साठीचे पारशी गृहस्थ. लढाईच्या काळात त्यांनी ब्रह्मदेशच्या डोंगरांवरून मालाची विमानं नेली होती. आता त्यांच्याजवळ एक जुनं पिवळं विमान होतं, एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं, आणि त्यावर ते हौशी लोकांना शिकवत. विमानाला छत नव्हतं. एकापुढे एक अशा दोन जागा. पुढे कॅप्टन बसायचे, मागे वामनराव. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून दोघांच्या मधे एक रबरी नळी होती. कॅप्टन तिच्यात बोलत आणि वामनरावांच्या कानात ते विहिरीतून बोलल्यासारखं येई.

वामनराव अंगाने भरलेले होते. जागेवरचा पट्टा त्यांच्या पोटावरून जाईना, तेव्हा कॅप्टनने बैलाच्या पट्ट्याचा एक तुकडा जोडून तो वाढवून घेतला. पण खरी अडचण पोटाची नव्हती. खरी अडचण नागपूरच्या आभाळाची होती.

नागपूर पडलं देशाच्या मधोमध. मुंबईहून कलकत्त्याला जाणारं, दिल्लीहून मद्रासला जाणारं, जे ते विमान तिथे पाणी प्यायला थांबल्यासारखं थांबे. विमानतळावर मनोरा होता आणि त्या मनोऱ्याच्या परवानगीशिवाय चिमणीनेही उतरू नये असा नियम होता. पिवळ्या विमानात वायरलेस नव्हता. मनोऱ्यातला माणूस बत्ती दाखवून इशारा करी. हिरवी बत्ती म्हणजे या, उतरा. लाल बत्ती म्हणजे मोठं विमान येत आहे, बाजूला व्हा आणि गोल फिरत राहा.

वामनराव फिरत राहत. उतरायला खाली आले की लाल बत्ती. पुन्हा वर, पुन्हा डावीकडे वळून एक गोल चक्कर, पुन्हा खाली, पुन्हा लाल. पोटात चाळीस-पन्नास माणसं घेतलेलं विमान आधी उतरणार, हे वामनरावांनाही पटत होतं, पण एकामागून एक तीन-तीन विमानं येत. तासाभराच्या शिकवणीत उतरायची संधी एकदाच मिळे, तीही पेट्रोल संपत आल्यावर. चकरा सगळ्या डावीकडे. आठ महिन्यांत वामनराव डावीकडे वळण्यात इतके तरबेज झाले की दिग्रसच्या बाजारातही ते उजवीकडच्या दुकानात जायचं तर तीनदा डावीकडे वळून जात. उजवीकडे कसं वळायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी गोष्ट टोकाला गेली. सकाळपासून आठ वेळा लाल बत्ती झाली. नवव्या वेळी वामनराव खाली आले तर समोर हिरवी. त्यांनी इतक्या दिवसांत हिरवी बत्ती इतक्या कमी वेळा पाहिली होती की त्यांना ती नीट ओळखूच आली नाही. सवयीने त्यांनी इंजिन वाढवलं आणि डावीकडे वळून पुन्हा वर गेले.  नळीतून कॅप्टन दस्तूर शांतपणे म्हणाले, "वामनराव, तुम्ही आता उतरायचं विसरून गेले. आपल्याला दुसरीकडे जावं लागेल."

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर जिथे आभाळ रिकामं आहे तिथे. वामनरावांना लगेच आठवला घाटंजी आणि केळापूरच्या मधला एक माळ. सपाट, टणक, लांबलचक आणि वर घारींशिवाय कोणी नाही. माळाला लागून लमाणांचा तांडा होता. तांड्याचे नायक हरिसिंग पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन दूरदूर जाणाऱ्या घराण्यातले. आता ते स्वतःची शेती करत आणि जनावरांचे बाजार फिरत. वामनरावांच्या घरची बैलजोडी त्यांच्याकडूनच आलेली. वामनराव त्यांना जाऊन भेटले. हरिसिंग नायकाला विमान ही कल्पनाच एवढी आवडली की त्यांनी जागा तर दिलीच, वर विमानाला रात्री बांधायला दोन मजबूत खुंटेही ठोकून दिले. कॅप्टनने नागपूरला कागदपत्रं करून पंधरा दिवसांची परवानगी काढली.

संक्रांत झाली आणि दिग्रसला तार आली. वामनराव तेव्हा वावरात होते. तार इंग्रजीत होती म्हणून पोस्टमननेच ती इंदूबाईंना वाचून दाखवली: मशीन घाटंजीला हलवलं, मंगळवारी या, दस्तूर.

वामनराव घरी आले तेव्हा इंदूबाईंनी विचारलं की हे कोणतं मशीन. वामनरावांनी तारेची घडी करून ती खिशात घातली. मग ते म्हणाले, "दाताचं मशीन हाय ते. डॉक्टर पंधरा दिवस घाटंजीलेच बसून राह्यले. आता नागपूरची खेप वाचली."

"बरं झालं," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला. तो हात वामनरावांनी पाहिला, पण बायका विचार करताना गालावर हात ठेवतात असं समजून ते पिशवी भरायला लागले.

माळावरचा पहिला दिवस फार छान गेला. कॅप्टन दस्तूर आभाळाकडे पाहून हसत होते. इथे ना मनोरा, ना बत्ती, ना कलकत्त्याचं विमान. डाव्या अंगाला टेकडी होती, म्हणून चकरा उजवीकडून माराव्या लागणार होत्या. त्यामुळे वामनराव सकाळभर उजवीकडे वळायला शिकले. दुपारनंतर त्यांनी सहा वेळा विमान उतरवलं. नागपूरला दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते एका दुपारी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माळावर आले तर धावपट्टीच्या बरोबर मधोमध तीस-पस्तीस गाई-म्हशी बसलेल्या. त्यांच्या मधोमध हातात काठी घेऊन हरिसिंग नायकाची बायको, धनीबाई, बसलेली. पन्नाशीची बाई, लाल घागरा, लाल ओढणी, चोळीवर आरसेच आरसे, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिने रामराम घेतला, पण ती उठली नाही.

वामनरावांनी तिला आठवण दिली की नायकाने जागा दिलेली आहे.

"नायकानं जागा देल्ली, मले मालूम हाय," धनीबाई म्हणाली. "पण नायक दूध देत नाही. दूध म्हैस देते. तिले कोनी इचारलं काय?"

प्रकार असा होता की काल दिवसभर विमान डोक्यावरून घुमत राहिलं आणि संध्याकाळी अर्ध्या म्हशींनी दूध चोरलं, पान्हाच सोडला नाही. एक वांझोटी गाय तर नाल्यापलीकडे जाऊन उभी राहिली होती, ती घरी यायलाच तयार नव्हती. घाटंजीच्या हॉटेलांना तांड्याचं दूध जाई. धनीबाईने आपल्या अटी सांगितल्या. सकाळी जनावरं रानात निघतात तेव्हा विमान नाही. दुपारी पाण्यावर येतात तेव्हा नाही. दिवस कलताना परततात तेव्हा नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बैलगाड्या माळावरून जातात, त्या संपेपर्यंत नाही. मधल्या वेळात उडायला हरकत नाही, पण खाली यायच्या आधी तिला विचारून यायचं.

वामनरावांनी विचारलं की हवेतून विचारायचं कसं. धनीबाईने जोंधळ्याच्या राखणीचं मचाण दाखवलं. ती त्यावर उभी राहील. ती नुसती लाल दिसली की वाट मोकळी नाही असं समजायचं आणि फिरत राहायचं. वाट मोकळी झाली की ती नायकाचं पांढरं धोतर अंगावर ओढून घेईल. धोतर दिसलं की उतरायचं. लाल अंगावर पांढरं धोतर तीन कोसांवरून दिसतं, पूर्वी तांडे चालायचे तेव्हा बायका अशाच खुणा करत, हे तिने आणखी सांगितलं.

कॅप्टन दस्तूर डोक्यावरची कातडी टोपी काढून तिथेच खाली बसले. एका मनोऱ्यापासून पळून ते इतक्या लांब आले होते आणि इथे दुसरा मनोरा त्यांची वाटच पाहत होता. पण दोन दिवसांत त्यांचं मत बदललं. धनीबाई विनाकारण कोणाला फिरवत नसे. तिला शंभर हातांवरून कोणती म्हैस उठणार आणि कोणती नुसती मान हलवणार हे कळे. वारा फिरला की ती ओढणीचा पदर सोडून दाखवी. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने वामनरावांना विचारलं की ही बाई नागपूरच्या मनोऱ्यात यायला तयार होईल का. वामनरावांनी ते धनीबाईला विचारलं. ती म्हणाली की नागपूरला म्हशी किती आहेत ते आधी सांगा.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला विमान उतरलं, थांबलं आणि कॅप्टन दस्तूर पुढच्या जागेवरून खाली उतरले. त्यांनी आपला मोकळा पट्टा नीट बांधून ठेवला, वामनरावांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "एक चक्कर मारा आणि परत या. मी नाही येत."

वामनरावांना वाटलं की ते लघवीला चालले आहेत. मग अर्थ कळला. आठ महिने त्यांच्या डोळ्यांपुढे कॅप्टनचं डोकं असे. उंची, वेग, क्षितिज, सगळं ते त्या डोक्याच्या मानाने पाहत. आता पुढे डोकं नव्हतं, नुसतं आभाळ होतं.  मचाणावर धनीबाईने धोतर ओढलेलं होतं. वामनरावांनी इंजिन वाढवलं.

कॅप्टन नसल्याने विमान हलकं झालं होतं. ते असं उचललं गेलं की वामनरावांचं पोट खाली माळावरच राहिलं. मग सगळं शांत वाटलं. खाली वाघाडी नदीची वाकडी रेघ होती, वेचणी झालेल्या कपाशीची वावरं होती, घाटंजीची कौलं होती आणि त्या सगळ्यावर ते एकटे होते. कोणी नळीतून रागावत नव्हतं. वामनरावांनी रबरी नळीत तोंड घालून स्वतःलाच म्हटलं, "शाबास." ऐकायला पुढे कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटलं.

एक चक्कर झाली. ते उतरायला खाली वळले आणि मचाणाकडे पाहिलं. धोतर नव्हतं. धनीबाई नुसत्या लाल घागरा-ओढणीत उभी होती.

कुठली तरी म्हैस आली असेल असं समजून ते पट्टीवरून पुढे गेले. जाताना त्यांनी खाली पाहिलं. म्हैस नव्हती. पट्टीच्या मधोमध एक जांभळा ठिपका उभा होता आणि कॅप्टन दस्तूर त्याच्याकडे धावत चालले होते.

दुसऱ्या चकरेला ते जरा खालून आले. जांभळा ठिपका म्हणजे लुगडं नेसलेली बाई होती. कॅप्टन तिच्यासमोर हात हलवत होते आणि एक हात वर आभाळाकडे करत होते. ती बाई वर पाहत होती. तिचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा गालावर.

वामनरावांनी विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. जगात तशी उभी राहणारी एकच बाई होती.

इंदूबाई तिथे कशा आल्या हे त्यांना मागाहून कळलं. गेले तीन आठवडे इंदूबाईंची उजवी दाढ ठणकत होती. नागपूरला जायचं तर लांब पडतं म्हणून त्या गप्प होत्या. पण मशीन घाटंजीपर्यंत आलं म्हटल्यावर त्यांनी विचार केला की आपणही दाखवून घ्यावं. पहाटेच्या गाडीने त्या यवतमाळला आल्या, तिथून दुसऱ्या गाडीने घाटंजीला. बसस्टँडवर त्यांनी विचारलं की ते नागपूरहून आलेलं मशीन कुठे लावलं आहे. घाटंजीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दहा जणांनी एकदम माळाची दिशा दाखवली आणि एका बैलगाडीवाल्याने त्यांना तिथे आणून सोडलं. माळावर डोक्यावर कातड्याची टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हेच डॉक्टर असं समजून इंदूबाईंनी पदर सावरला आणि तोंड उघडून दाढ दाखवली.

कॅप्टननी सांगितलं की ते डॉक्टर नाहीत.

मग दाताचं मशीन कुठे आहे, इंदूबाईंनी विचारलं. कॅप्टनना दाताचं काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त मशीन हा शब्द ऐकला आणि वर बोट दाखवलं. मशीन वर आहे. आणि आमचे धनी, दिग्रसचे वामनराव? तेही वर आहेत, मशीनमध्ये. कोण चालवून राह्यलं? तेच.

इंदूबाईंनी वर पाहिलं, आठ महिन्यांचा हिशेब मनात लावला आणि चालत जाऊन पट्टीच्या मधोमध उभ्या राहिल्या. नवरा खाली येईपर्यंत आपण इथून हलणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. कॅप्टन हात जोडून सांगत होते की तुम्ही हलल्याशिवाय तो खाली येऊ शकत नाही. इंदूबाईंचं म्हणणं असं की आठ महिने खोटं बोलणाऱ्या माणसाच्या साथीदारावर विश्वास कोण ठेवणार. आपण हललो की हे दोघं मिळून पुन्हा काहीतरी नवीन सांगतील.

वर हे काही ऐकू येत नव्हतं. वामनरावांना दर चकरेला खाली एक चित्र दिसे आणि मधल्या वेळात काय झालं असेल याचा अंदाज करावा लागे. तिसऱ्या चकरेला कॅप्टन जमिनीवर बसलेले होते आणि इंदूबाई तशाच उभ्या. चौथ्या चकरेला मचाण रिकामं होतं. मचाण रिकामं म्हणजे काय करायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. पाचव्या चकरेला पट्टीच्या मधोमध दोन बायका समोरासमोर बसलेल्या दिसल्या, एक लाल आणि एक जांभळी, आणि लाल बाई जांभळीच्या तोंडात डोकं घालून पाहत होती. हरिसिंग नायक कसलासा पाला घेऊन धावत येत होते. सहाव्या चकरेला जांभळी बाई गालात काहीतरी धरून बसली होती आणि चारी बाजूंनी तांड्यातल्या बायका येऊन बसल्या होत्या. सातव्या चकरेला कोणीतरी चहा आणला होता.

विमानाच्या वरच्या पंखावर पेट्रोलची टाकी होती आणि तिच्यातून एक तार वर निघालेली असे. पेट्रोल कमी झालं की ती तार खाली बसे. सकाळच्या शिकवणीत बरंच पेट्रोल गेलं होतं. वामनरावांनी तारेकडे पाहिलं. ती आता करंगळीच्या पेरापेक्षा थोडीशीच वर होती.

आठव्या चकरेला पट्टी मोकळी झाली होती. बायका कडेला सरकल्या होत्या. वामनरावांच्या जिवात जीव आला. पण मचाणावर धनीबाई लालच्या लाल उभी होती आणि तिच्या बाजूला इंदूबाई. पांढरं धोतर इंदूबाईंच्या हातात होतं, घडी केलेलं.

त्याचंही असं झालं होतं. दाढेत पाला गेल्यावर ठणका कमी झाला आणि इंदूबाई ऐकायच्या मनःस्थितीत आल्या. धनीबाईने त्यांना खुणेची सगळी रीत समजावून सांगितली आणि वर मचाणावर नेलं. धोतर त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाई, तू खाली उभी राहून हुकूम चालवून राह्यली. इथून चालव. हे पांघरलं का थो खाली येते, नाही पांघरलं का फिरत राहते. आता तुही मर्जी."

इंदूबाईंनी धोतर हातात घेतलं आणि वर पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नवरा आपल्या नुसत्या खुणेवर वर किंवा खाली होईल अशी सोय त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्या म्हणाल्या, "दोन चकरा मारू द्या."

वामनराव दोन चकरा मारत होते. तार आणखी खाली बसली. दहाव्या वेळी ते अगदी खालून, मचाणाच्या उंचीवरून आले. इंदूबाईंचा चेहरा त्यांना स्पष्ट दिसला, एक गाल फुगलेला. काहीतरी सांगणं भाग होतं आणि आवाज पोचणार नव्हता. म्हणून वामनरावांनी दांडा सोडला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

विमान त्याबरोबर एका अंगाला कललं. कॅप्टन दस्तूरांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. तांड्यातल्या बायकांनी गाणं म्हणायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं. मचाणावर इंदूबाईंनी धोतर इतक्या घाईने अंगावर ओढलं की त्यात धनीबाईही गुंडाळली गेली आणि मचाणावर एकच मोठं पांढरं गाठोडं दिसायला लागलं.

वामनरावांनी दांडा पकडला, विमान सरळ केलं, उजवीकडून वळण घेतलं आणि खाली आले. चाकं जमिनीला लागली, उचलली गेली, पुन्हा लागली, पुन्हा उचलली गेली. एकट्याच्या पहिल्या उड्डाणात त्यांनी अशा तऱ्हेने तीनदा उतरून घेतलं. मग विमान थांबलं आणि इंजिन त्यांनी बंद करायच्या आधीच आपोआप बंद पडलं.

कॅप्टन दस्तूर धावत आले. त्यांनी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण वामनरावांचा पट्टा सोडता सोडता त्यांचे डोळे भरून आले. नमस्कार सोडला तर सगळं बरोबर केलं, असं ते म्हणाले. दहा वेळा वाट मोकळी नाही म्हणून माघार घेतली आणि एकदाही घाई केली नाही. आपल्या सगळ्या शिष्यांमध्ये थांबायला शिकलेला हा एकच माणूस आहे, असंही ते म्हणाले.

वामनराव मचाणाखाली जाऊन उभे राहिले. इंदूबाई धोतराची घडी करत उतरल्या. दाढेत पाला होता म्हणून त्यांना नीट बोलता येत नव्हतं, आणि ही वामनरावांना मोठीच सवलत झाली. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. प्रदर्शन, फवारणी, अळी, रबरी नळी, लाल बत्ती. इंदूबाई हसतील अशी भीती वाटली म्हणून आधी सांगितलं नाही, हेही सांगितलं. इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आन ते बत्तीस दात?"

"तुमचीच कृपा," वामनराव म्हणाले. 

दुपारी धनीबाईने सगळ्यांना ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि ताजं दही वाढलं. इंदूबाईंनी डाव्या बाजूने दही-भाकर खाल्ली. त्या धनीबाईशी बोलत राहिल्या, नायकाशी बोलल्या, कॅप्टन दस्तूरांकडे तर त्यांनी त्यांच्या सुना-नातवंडांची चौकशी केली. वामनरावांशी मात्र एक शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरं रानात गेल्यावर पुन्हा उडायचं, असं कॅप्टनने सांगितलं. वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. इंदूबाईंनी धनीबाईकडे पाहिलं. धनीबाई म्हणाली की उद्या वारा चांगला राहील.

संध्याकाळच्या गाडीने इंदूबाईंना घाटंजीहून यवतमाळपर्यंत पोचवायला वामनराव निघाले. यवतमाळला इंदूबाईंची बहीण होती, रात्री त्या तिच्याकडे राहणार होत्या. गाडी निम्मी रिकामी होती. इंदूबाई खिडकीशी बसल्या. अर्धा रस्ता झाला तरी त्या बाहेरच पाहत होत्या. पळसाची झाडं मागे जात होती. शेवटी त्यांनी पाला थुंकून टाकला आणि विचारलं, "वरून आपलं वावर दिसते काय जी?"

वामनराव सरसावून बसले. शुक्रवारी कॅप्टन त्यांना दिग्रसवरून एक फेरी मारून घेऊन आले होते. त्यांनी तळहात पुढे केला आणि त्यावर बोटाने सगळं काढून दाखवलं. हा आपला नाला, हा गाडीरस्ता, ही चिंच, एवढीशी दिसते. वावर चौकोनी वाटतं पण नाही, इकडून जरा निमुळतं आहे. आणि ही विहीर, या कोपऱ्यात, पैशाएवढी.

इंदूबाईंनी तो तळहात आपल्याकडे ओढून घेतला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

"मंग विहीर या दुसऱ्या कोपऱ्यात पायजे होती," त्या म्हणाल्या. "सगळा उतार तिकडेच हाय."

वामनरावांनी आपल्याच तळहाताकडे पुन्हा पाहिलं. उतार तिकडेच होता.